वेगळ्या मैदानाला माझा विरोध होता

मुलींसाठी वेगळं मैदान, वेगळी वेळ, वेगळं शिबिर या सगळ्याला माझा कित्येक वर्षं ठाम विरोध होता. तो मी चारचौघांत बोलून दाखवला आहे, शाळेच्या बैठकांत मांडला आहे आणि त्यापायी एका माणसाला दुखावलंही आहे. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते का बदललं हे नीट लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं. माझ्या जुन्या मताची माणसं मला रोज भेटतात आणि ती वाईट माणसं नाहीत. मुलींचं भलंच व्हावं असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांचा युक्तिवाद मला तोंडपाठ आहे, कारण तो माझाच होता.

मी खो-खोची खेळाडू. गंगापूर तालुक्यातल्या गावात वाढले. तिथे मुलींचा संघ पुरा होत नसे, म्हणून सर आम्हाला मुलांबरोबर पाटीवर बसवायचे. मुलांचा वेग जास्त, त्यामुळे चकवा देण्याची सवय लवकर लागली. सूर मारताना कोपर सोललं तरी रडायचं नाही, हेही तिथेच शिकले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदवी घेण्यासाठी शहरात, म्हणजे औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) आले, आमखास मैदानावर सराव केला, विद्यापीठाच्या आवारातल्या ‘साई’च्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) केंद्रात तलवारबाजी करणाऱ्या मुली बघितल्या. पांढरा पोशाख, तोंडावर जाळीचा मुखवटा. आत मुलगा आहे की मुलगी, हे मुखवटा निघाल्यावरच कळायचं. मला ते फार आवडायचं. खेळात बाई-पुरुष असा भेद उरूच नये, असं माझं तेव्हा पक्कं झालं. ज्या मैदानावर मुलं खेळतात त्याच मैदानावर, त्याच वेळी, मुलींनी खेळलं पाहिजे. पडदा लावून खेळणं म्हणजे पडदा मान्य करणं.

अरबी शिकायला मी आपांकडे जात असे. त्या निवृत्त शिक्षिका, राहायला बुड्ढीलेनच्या बाजूला. घरी विचारायचे, अरबी कशाला? मला ते विचारणंच कळत नसे. हे शहर खडकी म्हणून ज्यानं वसवलं तो मलिक अंबर हबशाणातून गुलाम म्हणून विकला गेला आणि अरब मुलखातल्या बाजारांतून फिरत दख्खनला पोचला. पाणचक्कीपासून जुन्या दरवाजांपर्यंत जिथे तिथे अरबी लिपीतली अक्षरं दिसतात. ज्या गावात राहायचं तिथली अक्षरं वाचता यावीत, एवढंच माझं कारण होतं. आपा मन लावून शिकवायच्या. फी घ्यायच्या नाहीत, पण गृहपाठ केला नसेल तर चहा द्यायच्या नाहीत.

त्या वेळी आपा आणि त्यांच्या ओळखीच्या काही शिक्षिका मिळून एक अर्ज करत होत्या. जुन्या शहरातल्या एका मैदानावर सकाळचे दोन तास फक्त मुलींसाठी ठेवावेत, अशी मागणी होती. खेळातली माणूस म्हणून माझी सही त्यांना हवी होती. मी दिली नाही. म्हटलं, आपा, आज दोन तास मागाल, तर उरलेले बावीस तास तुमचे नाहीत असं उद्या तुम्हालाच ऐकवतील. त्यांनी वाद घातला नाही. “बेटा, पहले आने तो दो उनको,” एवढंच म्हणाल्या आणि कागद घडी घालून ठेवला. मला वाटलं, माझं त्यांना पटलं.

पुढे अम्मानला एका मुलींच्या क्रीडाशिबिरात मदतनीस म्हणून जायची संधी आली. सकाळी अरबीचा वर्ग, दुपारनंतर शिबिर. जॉर्डनची ही राजधानी टेकड्यांवर वसलेली. पूर्वेकडच्या वस्त्यांत घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी असल्यासारखी, मधून पायऱ्यांच्या वाटा. शिबिर अशाच एका वस्तीतल्या शाळेच्या आवारात, उन्हाळी सुट्टीत भरायचं. सिमेंटचं अंगण, बास्केटबॉलच्या दोन रिंगा, एका कडेला नळ. मुली सीरियातून आलेल्या, इराकमधून आलेल्या, पॅलेस्टिनी घरांतल्या आणि जॉर्डनच्याही. सीरियातल्या युद्धानंतर लाखो लोक या छोट्याशा देशात आले. 2012 च्या जुलैत उत्तरेकडे झातरीची छावणी उभी राहिली आणि पुढे वर्षानुवर्षं तिथे सुमारे 80 हजार माणसं राहत होती. पण बहुतेक निर्वासित छावणीत नाहीत, शहरांतच भाड्याच्या खोल्यांत राहतात. आमच्या मुली अशा घरांतल्या होत्या.

शाळेच्या फाटकाला आणि रस्त्याकडच्या जाळीला हिरवं कापड बांधलेलं होतं. पहिल्याच दिवशी ते माझ्या डोळ्यांत खुपलं. मुलींच्या बापांनी घातलेली ही अट असणार, हे मी मनाशी ठरवून टाकलं. बाप म्हणाला असेल, पडदा असेल तर पाठवतो. संस्थेनं मान तुकवली असेल. कोणाला विचारलं नाही, कारण विचारण्याइतकी भाषा येत नव्हती. वहीत मात्र मी तसं लिहून ठेवलं, जणू ते मला कोणी सांगितलंच होतं.

वर्गातली अरबी आणि मैदानावरची अरबी यांत मोठं अंतर होतं. आपांनी मला पुस्तकी अरबी शिकवली होती, अम्मानच्या वर्गातही तीच चालायची. तिच्यात अनेक मुलींना मिळून ‘धावा’ म्हणायचं तर क्रियापदाचं वेगळं स्त्रीलिंगी रूप लागतं. मी ते घोकून गेले आणि पहिल्या दिवशी अंगणात खणखणीत आवाजात म्हटलं. मुली थांबल्या, एकमेकींकडे बघितलं आणि हसत सुटल्या. शहरात असं कोणी बोलतच नाही. त्या दिवसापासून मला शिकवायचं काम त्यांनी हाती घेतलं. चेंडू इकडे दे, डावीकडे बघ, थांब, आत्ता नको, तिला सोड. शिबिरातलं माझं काम तरी काय, हजेरी घ्यायची, चेंडूत हवा भरायची, पाण्याची भांडी भरून ठेवायची. प्रशिक्षक सगळ्या तिथल्याच बाया होत्या. अशा कामात कान मोकळे असतात.

हळूहळू मला मुलींचं आपसातलं बोलणं कळायला लागलं. मधल्या सुट्टीत त्या नळाजवळ सावलीला बसायच्या. एक मुलगी गोलरक्षक होती, घरचे सीरियातल्या दराहून आलेले. ती रोज आल्या आल्या डोक्यावरचा रुमाल काढून दप्तरात ठेवायची, बाह्या वर करायची आणि खुशाल सिमेंटवर अंग टाकून चेंडू अडवायची. ढोपरं नेहमी फुटलेली. एकदा नवीन आलेली एक मुलगी कडेला उभीच राहिली, खेळेना. तेव्हा ही गोलरक्षक तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, “मा हदा बिसव्विरना.” इथे आपला कोणी व्हिडिओ काढत नाही. नवीन मुलीनं मान वर करून भोवतालच्या गच्च्यांकडे बघितलं, कापडाकडे बघितलं आणि जाकीट काढलं.

मी तिथेच होते, हातात पंप होता. हे वाक्य मला पुरतं कळलं, आणि वहीत मी जे लिहून ठेवलं होतं त्यातलं एकही अक्षर खरं नव्हतं, हेही त्याबरोबरच कळलं.

नंतर मी प्रशिक्षिकेला विचारलं. ती स्वतः लहानपणी अशाच एका शिबिरात खेळायला आलेली, आता विद्यापीठात मुलामुलींच्या मिश्र संघातही खेळते. ती म्हणाली, कापड मुलींनीच मागितलं. एका वर्षी त्यांनीच ते काढलंही, गरम होतं म्हणून. मग समोरच्या गच्चीवरून कोणीतरी व्हिडिओ काढला, तो वस्तीभर फिरला, आणि त्यात जी दिसत होती तिचं येणं बंद झालं. मुलींनी पुन्हा कापड बांधलं. बाप? तिनं खांदे उडवले. काही बापांना अडचण असते, काहींना नसते. आया तर बहुतेक स्वतः सोडायला येतात. पण पडता यावं, ओरडता यावं, हरल्यावर रडता यावं आणि ते जगानं बघू नये, हे मुलींना स्वतःला हवं असतं. तुला नको होतं का, असं तिनं मला विचारलं.

मला खरोखरच नको होतं. मी गावात मुलांबरोबर खेळले तेव्हा कोणाच्या खिशात कॅमेरा नव्हता. सर बाजूला उभे असत, गाव त्यांना मानायचं आणि ते माझ्या वडिलांचे मित्र होते. ते संरक्षण मला कधी दिसलंच नाही, कारण ते आयतं मिळालेलं होतं. माझ्या वाट्याला आलेली सोय मी सगळ्या जगासाठी नियम म्हणून सांगत होते.

तत्त्व मोठं असलं की ज्यांच्यासाठी ते आहे त्या मुली नजरेआड होतात, याचं एक मोठं उदाहरण अम्मानमध्येच घडलं आहे. 2011 च्या जूनमध्ये ऑलिम्पिकच्या फुटबॉल पात्रता फेरीसाठी इराणच्या मुली तिथे जॉर्डनविरुद्ध खेळायला आल्या होत्या. डोकं-मान झाकणारा पोशाख नियमात बसत नाही, असं सांगून त्यांना खेळू दिलं नाही. जॉर्डनच्याही काही मुली त्याच कारणानं बाहेर राहिल्या. खेळ धर्मापासून दूर ठेवायचा, दुखापत होऊ द्यायची नाही, अशी कारणं त्या नियमामागे सांगितली जात. परिणाम एवढाच झाला की खेळू इच्छिणाऱ्या मुली मैदानाबाहेर रडत उभ्या राहिल्या. जॉर्डनचे राजपुत्र अली बिन अल-हुसेन यांनी बंदी उठवण्यासाठी बरीच खटपट केली आणि 2014 मध्ये ती उठली. 2016 मध्ये 17 वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक त्याच जॉर्डननं भरवला. 2022 मध्ये तो भारतात झाला, आपल्याकडे नवी मुंबईत आणि शेजारी गोव्यातही सामने झाले. त्या स्पर्धेत भुवनेश्वरला मोरोक्कोच्या मुलींनी आपल्या मुलींना 3-0 नं हरवलं. पुढच्या वर्षी मोरोक्कोच्या महिला विश्वचषकात बाद फेरीपर्यंत गेल्या आणि त्यांच्यातली नुहैला बेंझिना हिजाब घालून खेळली. डोक्यावरचं वस्त्र आणि वेगळं मैदान हे एकच प्रश्न नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण दोन्हीकडे बाहेरचा माणूस खेळायला येण्याची अट मुलीवर घालतो. आधी आमच्यासारखी हो, मग ये. वेगळं मैदान नको म्हणताना मीही तीच अट घालत होते.

परत आल्यावर मला आपल्याच इतिहासातल्या गोष्टी वेगळ्या दिसायला लागल्या. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिड्यांच्या वाड्यात शाळा काढली ती मुलींची. मुलांच्या शाळेत मुलींना बसवा, तरच ते खरं शिक्षण, असं त्यांनी म्हटलं असतं तर किती मुली आल्या असत्या? 1916 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी काढलं ते महिलांचं विद्यापीठ. आपल्या शहरात शारदा मंदिर कन्या प्रशाला आहे, तिथे शिकलेल्या कितीतरी बाया आज पुरुषांच्या बरोबरीनं सगळीकडे काम करतात. शिक्षणाच्या बाबतीत हे आपल्याला कधी मागासलेपणाचं वाटलं नाही. मैदानाच्या बाबतीतच मला का वाटत होतं?

आता माझ्या शाळेचं सांगते. मी सध्या गंगापूर तालुक्यातल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. दर वर्षी तेच व्हायचं. सातवीपर्यंत मुली खो-खो झकास खेळायच्या, आठवीत निम्म्या गळायच्या, नववीत संघ मोडायचा. मी कारण एकच सांगायची, घरचे सोडत नाहीत. ते खोटं नव्हतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विशीतल्या, म्हणजे 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे 22 टक्के आहे. मराठवाड्यात परभणीत ते 48 टक्के आणि बीडमध्ये 44 टक्क्यांच्या जवळपास. आमच्याकडे आठवी-नववी म्हणजे स्थळं यायला लागायचं वय. पण मी कधी मुलींना विचारलं नव्हतं, घरच्यांनाच विचारत आले होते.

या वेळी विचारलं. पाटीवर त्यांच्यात जाऊन बसले आणि म्हटलं, घरचं सोडा, तुम्हाला का नको वाटतं ते सांगा. बराच वेळ कोणी बोलेना. मग एक म्हणाली, “मॅडम, पोरं मोबाईल काढतेत.” लगेच दुसरी म्हणाली, सूर मारला की टी-शर्ट वर जातो, त्याचा फोटो काढतात. तिसरीला पाळीच्या दिवसांत मैदानावर यायची भीती वाटायची, कारण स्वच्छतागृह मैदानाच्या पार पलीकडे आणि वाटेत मुलं बसलेली. यातल्या काही मुली हिंदू, काही बौद्ध, दोघी मुस्लिम. दराहून आलेल्या त्या गोलरक्षकेनं अम्मानमध्ये जे सांगितलं तेच ह्या गंगापूर तालुक्यात मराठीत सांगत होत्या. मी ते समुद्रापलीकडे जाऊन ऐकलं, माझ्या अंगणात ऐकलं नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मुख्याध्यापकांशी बोलून आम्ही सकाळची वेळ मुलींसाठी राखली. शाळा भरण्याआधी फाटक बंद. मैदानाच्या मधोमध क्रिकेटची खेळपट्टी होती, त्यामुळे खो-खोचं मैदान नेहमी कोपऱ्यात, कुंपणाला लागून आखावं लागायचं. आता ते मधोमध आखलं. मुलींनी स्वतः फक्की मारली, खुंट रोवले, दोरी धरून पाट्या मोजल्या. एका मुलीची आई रोज फाटकाजवळ भाजी निवडत बसते. ती राखणही करते आणि डावही बघते. मुलांनी सुरुवातीला कुरकुर केली. संध्याकाळ तुमचीच आहे म्हटल्यावर ती थांबली.

गळालेल्या मुलींपैकी काही परत आल्या. सगळ्या आल्या नाहीत. एकीचं लग्न झालंच, आम्ही घरी जाऊन समजावूनही. पण नववीचा संघ त्या वर्षी मोडला नाही. धाराशिवच्या सारिका काळेंना 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या मुलींनी वर्तमानपत्रातलं त्यांचं छायाचित्र कापून जपून ठेवलं होतं. 2025 च्या जानेवारीत भारताच्या महिलांनी खो-खोचा पहिला विश्वचषक प्रियांका इंगळेंच्या नेतृत्वाखाली जिंकला. हे यश पहिल्यापासून रोज मैदानावर उभं राहता आलेल्या मुलींचं आहे. उभं राहण्याआधीच गेलेल्या मुलींची मोजदाद कोणी ठेवत नाही.

माझी जुनी भीती पूर्ण गेलेली नाही आणि ती लपवायचीही नाही. वेगळ्या वेळेचा दुरुपयोग होऊ शकतो. सगळ्यात गैरसोयीची वेळ मुलींना द्यायची, मैदानाचा उरलेला तुकडा द्यायचा, आणि उद्या एखादी मुलगी मुलांबरोबर सराव करायला निघाली तर तिला म्हणायचं, तुझी वेळ सकाळची. असं झालं तर मीच त्याविरुद्ध उभी राहीन. म्हणून माझ्या शाळेत नियम उलटा आहे. ज्या मुलीला मुलांबरोबर खेळायचं आहे तिनं संध्याकाळी यावं, तिला कोणी अडवायचं नाही. दोघी-तिघी येतात. त्यांचा वेग वाढलाय, मला त्यांच्यात माझं लहानपण दिसतं. पण संध्याकाळी कधी यायचं हे त्या ठरवतात, मी नाही. मुंब्र्यात ‘परचम’ या संस्थेनं 2012 पासून मुलींना फुटबॉल शिकवला, तेव्हा त्यांनाही मैदानासाठी झगडावं लागलं. त्या मुली आधी आपली जागा मागून घेतात आणि मग वस्तीच्या रस्त्यांवर, बाहेरच्या स्पर्धांत निर्धास्त वावरतात. मला आता हा क्रम बरोबर वाटतो.

आपांकडे जाऊन मी हे सगळं सांगितलं. त्यांनी अरबीचे चार प्रश्न विचारून माझी परीक्षा घेतली, अम्मानच्या बोलीत उत्तरं दिल्यावर नाक मुरडलं, आणि मग तो जुना अर्ज काढला. तारीख बदलून तो नव्यानं लिहिला आहे. या वेळी माझी सही आहे.

हे वाचणाऱ्यांत कोणी मुख्याध्यापक असतील, संस्थाचालक असतील, महापालिकेत मैदानांचं काम बघणारे असतील. त्यांना माझी विनंती आहे. आपल्या शहरातल्या आणि तालुक्यातल्या प्रत्येक मैदानावर रोजचे दोन तास मुलींसाठी राखा. वेळ चांगली द्या, मैदान मधलं द्या, जवळ स्वच्छतागृह द्या आणि शिकवायला बाई द्या. शाळा-कॉलेजात कधी खेळलेल्या आणि आता घरी असलेल्या बायांनो, त्यातला एक तास तुम्ही या. खेळ शिकवता आला नाही तरी फाटकाजवळ बसा. आणि आपल्या शाळेतल्या मुली मैदानावर का येत नाहीत हे कुणाला खरंच जाणून घ्यायचं असेल, तर ते आधी त्यांनाच विचारा.